सायकल पंक्चर झाली तर काय करायचं आणि भरवशाचं दुकान कसं शोधायचं

पुण्यात नव्याने आलेले किंवा बऱ्याच वर्षांनी परत सायकल घेतलेले कितीतरी लोक मी बघते, दोन महिने अगदी उत्साहात चालवतात, मग एक दिवस पंक्चर होते, सायकल पार्किंगमध्ये भिंतीला टेकवली जाते आणि तिथेच धूळ खात राहते. फार वाईट वाटतं हे बघून, कारण सायकलच्या सगळ्या दुरुस्त्यांमध्ये पंक्चर हे शिकायला सगळ्यात सोपं काम आहे. म्हणून एकदा नीट, सुरुवातीपासून लिहितेय. ज्यांनी आयुष्यात हातात पाना धरलेला नाही त्यांच्यासाठी.

एक गोष्ट आधीच डोक्यात पक्की करा. पंक्चर काढणं म्हणजे नुसता ट्यूबला पॅच मारणं नाही, हवा कशामुळे गेली ते शोधणं हे खरं काम. ते मूळ कारण टायरमध्ये तसंच राहिलं तर नवीकोरी ट्यूब घातली तरी चार किलोमीटरवर परत बसणार, आणि मग माणूस म्हणतो की ट्यूबच खराब होती, दुकानदाराने फसवलं. पुढे दुकान कसं ओळखायचं ते सांगेन, तिथेही हीच कसोटी लावायची आहे.

आधी घरीच सायकल बघून घ्या

टायरच्या बाजूला आकडे कोरलेले असतात, त्यांचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा. २६ x १.७५, २७.५ x २.१, ७०० x ३५ सी असं काहीतरी असेल, आणि बहुतेक टायरवर शेजारी बारीक अक्षरात ४७-५५९ किंवा ३५-६२२ असे जोड आकडे असतात. यातला दुसरा आकडा फार महत्त्वाचा, रिमवर टायर जिथे बसतो तिथला तो व्यास आहे, मिलिमीटरमध्ये. ५५९ म्हणजे नेहमीची २६ इंची एमटीबी (माउंटन बाइक), ५८४ म्हणजे २७.५, ६२२ म्हणजे ७०० सी आणि २९ इंची दोन्ही. आणि २६ x १ ३/८ लिहिलेली जी जुनी लेडीज सायकल असते तिचा आकडा ५९०, म्हणजे दोन्ही सायकली 'सव्वीस'च्याच म्हणवतात पण एकीचा टायर दुसरीला बसत नाही. जुन्या काळ्या उंच सायकलीचा २८ x १ १/२, तो ६३५. त्यामुळे दुकानात जाऊन नुसतं 'सव्वीसचं द्या' म्हणू नका, फोटो दाखवा.

मग वॉल बघा, म्हणजे हवा भरायचा व्हॉल्व्ह. तीन प्रकार असतात. मोटरसायकलसारखा जाड असेल तर तो श्रेडर, पेट्रोल पंपावरची हवा त्यात थेट जाते. बारीक, लांबट आणि टोकाला इवलासा नट असेल तर प्रेस्टा, त्यात हवा भरायच्या आधी तो नट सैल करून टोक एकदा दाबून फुस्स करून घ्यायचं, नाहीतर पंप लावून कितीही जोर करा, हवा आत जाणारच नाही. तिसरा म्हणजे जुन्या साध्या सायकलींचा वॉल, त्याच्या आत छोटी रबरी नळी असते आणि ती कुजली की हवा उतरते, लोकांना वाटतं पंक्चर झालं, पण तेवढी नळी बदलली की काम होतं. प्रेस्टावाल्यांनी छोटा पितळी अडॅप्टर घेऊन ठेवावा, स्वस्त असतो, वॉलवर फिरवून बसवला की कुठल्याही साध्या पंपाने हवा भरता येते. फक्त पेट्रोल पंपावर जपून, सायकलच्या ट्यूबमध्ये जागा थोडी आणि तिथला प्रेशर जोरात, त्यामुळे क्षणभर भरा, थांबा, दाबून बघा, मग पुन्हा थोडी.

सीटखाली एक छोटी पाऊच लावा. त्यात आपल्या मापाची एक नवी ट्यूब, दोन-तीन प्लास्टिकचे टायर लिव्हर (टायर रिमवरून उचकटायच्या पट्ट्या), पॅचचा डबा (सोल्युशन म्हणजे रबर चिकटवायचा गोंद, पॅच, पॉलिश पेपर), आणि चाक नटाने आवळलेलं असेल तर त्या मापाचा पाना, बऱ्याच सायकलींना १५ नंबर लागतो पण घरीच लावून बघा. पंप फ्रेमला अडकवा. नवी ट्यूब जुन्या मोज्यात गुंडाळून ठेवा, नाहीतर पान्याला घासून पाऊचमध्येच तिला भोक पडतं, हे खरंच होतं. आणि सोल्युशनची ट्यूब एकदा उघडली की काही महिन्यांत आतल्या आत वाळते, त्यामुळे अधूनमधून दाबून बघत जा.

हे सगळं जमवलं की एखाद्या रविवारी दुपारी घरी, पंक्चर नसताना, एकदा मागचं चाक काढून परत लावा. पहिल्यांदा तास लागेल. लागू दे. ताम्हिणीच्या रस्त्यावर ऊन तापलेलं असताना पहिल्यांदा शिकण्यापेक्षा हे फार बरं.

रस्त्यात हवा गेली

मागचं चाक जड वाटायला लागलं, वळताना सायकल डगमगली, की लगेच उतरा. 'एवढं पुढच्या चौकापर्यंत जाऊ' म्हणून बसलेल्या टायरवर चालवू नका, रिम ट्यूबला चेपून चिरते आणि एखाद्या खड्ड्यात रिमही वाकते, म्हणजे स्वस्तातलं काम महागात. रस्त्याच्या कडेला सावलीत, वळणापासून लांब जागा बघा. घाटात तर वळणावर अजिबात थांबू नका.

आता चाक काढायच्या आधीच टायर हळूहळू फिरवत बाहेरून बघा. काटा, खिळा, काच दिसली तर कुठे आहे ते लक्षात ठेवा. घर एखाद्या किलोमीटरवर असेल आणि हवा हळूहळूच उतरत असेल तर काटा काढूच नका, तो थोडाफार बुचासारखा बसलेला असतो, हवा भरा आणि निघा. लांब असाल तर मात्र चाक काढायचं.

मागचं चाक काढताना आधी गिअर सगळ्यात छोट्या चकतीवर आणा, चेन सैल पडते आणि चाक पटकन निघतं. साधे रिम ब्रेक असतील तर ब्रेकची वायर सोडवून घ्या म्हणजे टायर मधून निघेल. डिस्क ब्रेक असेल तर चाक बाहेर असताना ब्रेकचा लिव्हर चुकूनही दाबू नका, आतले पॅड जवळ येऊन बसतात आणि मग चाकावरची ब्रेकची चकती आत जात नाही, खबरदारी म्हणून पॅडच्या मध्ये पुठ्ठ्याचा तुकडा घाला. त्या चकतीला तेलाचा हात लावू नका.

उरलीसुरली हवा पूर्ण सोडा. मग टायर दोन्ही हातांनी चिमटीत धरून गोल फिरत सगळीकडून रिमच्या मधोमध ढकला. रिमचा मधला भाग खोलगट असतो, टायरची कडा तिथे उतरली की दुसऱ्या बाजूला ढील मिळते. ही एक युक्ती कळली की घट्ट टायरही हाताने निघतो, आणि न कळल्यामुळेच लोक स्क्रू ड्रायव्हर खुपसतात आणि ट्यूबला दुसरं भोक पाडतात. वॉलच्या समोरच्या बाजूला पहिला लिव्हर घाला, खालचा हुक स्पोकमध्ये अडकवा, चार बोटांवर दुसरा, मग तो सरकवत न्या. टायरची एकच बाजू बाहेर काढायची, दुसरी रिमवरच राहू दे. ट्यूब ओढून काढताना वॉल टायरवर कुठे होता ते लक्षात ठेवा, टायरवर कंपनीचं नाव असतं त्याच्याजवळ वॉल ठेवायची सवय लावली की हे आपोआप होतं. याचा उपयोग लगेच पुढे आहे.

भोक काय सांगतं ते बघा

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा भाग हाच, आणि बहुतेक लोक हाच सोडून देतात.

ट्यूबमध्ये थोडी हवा भरा आणि गालाजवळून किंवा ओठांजवळून हळूहळू फिरवा, हवेची बारीक फुंकर लागते. रहदारीच्या आवाजात ऐकू येत नाही पण ओठाला कळतं. घरी असाल तर घमेल्यात पाणी घ्या, बुडबुडे कुठून येतात ते दिसेल. बॉलपेनने त्या जागी मोठी फुली मारा, छोटा ठिपका पॉलिश पेपर घासल्यावर पुसला जातो.

आता भोक कुठल्या बाजूला आहे ते बघा. बाहेरच्या बाजूला, म्हणजे टायरकडे, एकच बारीक भोक असेल तर काहीतरी टोचलंय. ट्यूब वॉलच्या खुणेने टायरशेजारी धरा, भोक जिथे येईल तिथेच टायरमध्ये कारण सापडेल. ट्यूब उलटी धरली गेली असं वाटलं तर वॉलच्या दुसऱ्या बाजूला तेवढ्याच अंतरावर पण बघा. शेजारी शेजारी दोन चिरा असतील, साप चावल्यासारख्या, तर काहीच टोचलेलं नाही, हवा कमी होती आणि खड्ड्यात किंवा स्पीड ब्रेकरवर ट्यूब रिम आणि टायरच्या मध्ये चेपली. यावर उपाय पॅच नाही, हवा वेळेवर भरणं हा आहे. भोक आतल्या बाजूला, रिमकडे असेल तर रिम टेप (स्पोकची टोकं झाकणारी रिमवरची पट्टी) सरकलीय किंवा एखाद्या स्पोकचं टोक वर आलंय, तिथे टायर कितीही तपासलात तरी काही मिळणार नाही. आणि वॉलच्या बुडाशीच फाटलं असेल तर ती ट्यूब टाकून द्या, तिथे पॅच टिकत नाही. बारीक वॉलची ट्यूब जाड वॉलच्या भोकाच्या रिमवर लावली की वॉल हलत राहतो आणि बुडाशी कापला जातो, तेही तपासा.

टोचणाऱ्या गोष्टींत आपल्याकडे तीन मुख्य. पहिला बाभळीचा काटा, टेकडीवर चालवणाऱ्यांच्या ओळखीचाच, आणि रस्त्याकडेच्या बाभळी छाटल्या की आठवडाभर डांबरी रस्त्यावरही त्यांचा सुळसुळाट. दुसरा सराटा, जमिनीसरपट वाढणाऱ्या वेलाचं चार बाजूंनी काटे असलेलं फळ, कसाही पडला तरी एक काटा वर असतो, पावसाळा संपला की रस्त्याच्या मातीच्या कडेला वाळून पडलेला असतो, म्हणून ऑक्टोबरनंतर साइडपट्टीवर उतरताना बघून उतरा. आणि तिसरी, सगळ्यात लबाड, फुटलेल्या ट्रक टायरमधली तार. हायवेवर काळे रबराचे तुकडे पडलेले दिसतात ना, त्यातून सुटलेली केसाइतकी बारीक स्टीलची तार. ती टायरमधून आरपार जाते, बाहेरून दिसत नाही, आतून बोट फिरवलं तरी कधी कधी लागत नाही, आणि चाकावर वजन आलं की तेवढं टोक ट्यूबला टोचतं. दर दोन दिवसांनी पंक्चर होतंय आणि कारण कळत नाहीये असं असेल तर बहुतेक वेळा हीच. तिच्यासाठी कापूस वापरा. कापसाचा बोळा टायरच्या आतून सगळीकडे हलकेच फिरवायचा, तार असेल तिथे कापसाचे तंतू अडकून राहतात. मग चिमट्याने किंवा नेलकटरने धरून ओढायची. बोटं फिरवायचीच असतील तर सावकाश, काचेने कापतं.

पावसात पंक्चर जास्त होतात तेही खरंच आहे. पाण्याने कडेची काच-माती रस्त्यावर येते, आणि ओलं रबर लवकर चिरतं.

पॅच आणि परत जोडणी

रस्त्यावर असाल तर नवी ट्यूब घाला आणि फुटकी घरी नेऊन निवांत पॅच करा. पॅच मारताना घाई हाच एकमेव शत्रू. फुलीभोवती पॅचपेक्षा मोठ्या जागेवर पॉलिश पेपर घासा, रबराची चकाकी जाऊन ते मळकट दिसलं पाहिजे, ट्यूबवर जोडाची उंच रेघ असेल तर तीही घासून सपाट करा. सोल्युशनचा पातळ थर लावा, जाड नाही. आणि थांबा, चांगली पाच मिनिटं, बोटाला चिकटेनासं होईपर्यंत. ओल्या सोल्युशनवर पॅच लावला की तो सरकतो आणि संध्याकाळपर्यंत हवा निघते. वाळलं की पॅच लावून मधून कडेकडे जोरात दाबा. सोल्युशन न लागणारे स्टिकरसारखे पॅच मिळतात, ते घरी पोचण्यापुरते ठीक.

बसवताना ट्यूबमध्ये आकार येण्यापुरती थोडीशी हवा भरा म्हणजे पीळ पडत नाही. वॉल आधी, सरळ. मग ट्यूब आत, मग टायरची कडा वॉलच्या समोरून सुरू करून दोन्ही बाजूंनी अंगठ्याने चढवत वॉलपाशी संपवा. शेवटची वीतभर कडा हट्ट करते, तिथे लिव्हर लावायचा मोह आवरा, परत रिमच्या खोलगट भागाची युक्ती करा, समोरची बाजू मधोमध ढकला, येईल. मग वॉल एकदा आत वरच्या दिशेने ढकलून ओढा म्हणजे त्याच्याजवळची ट्यूब कडेखाली अडकलेली असेल तर सुटते. अर्धी हवा भरून चाक फिरवा, टायरच्या कडेजवळ जी बारीक रेघ असते ती रिमपासून सगळीकडे सारख्या अंतरावर दिसली पाहिजे. कुठे फुगवटा दिसला तर हवा सोडून परत बसवा, तसंच भरत राहिलात तर धाडकन फुटेल.

हवा किती? टायरवर कमीत कमी-जास्तीत जास्त पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) लिहिलेलं असतं. ढोबळ सांगायचं तर जाड एमटीबी टायरला ३० ते ५०, हायब्रिडला ५० ते ७०, बारीक रोड टायरला ८० ते १००, वजन जास्त असेल तर वरच्या बाजूला. ट्यूबमधून हवा आपोआपही झिरपते, त्यामुळे आठवड्यातून एकदा गेज असलेल्या उभ्या पंपाने तपासा, आणि बारीक टायर असेल तर प्रत्येक राईडच्या आधी. एवढं केलं तरी चेपून होणारी पंक्चरं जवळजवळ बंद होतात.

ट्यूबमध्ये अँटी-पंक्चर जेल भरायचा सल्ला बरेच जण देतात. काट्यांच्या भागात रोज जायचं असेल तर चालेल, बारीक भोकं ते बुजवतं. पण मोठं भोक पडलं की जेल बाहेर येतं आणि त्यावर पॅच चिकटत नाही. मला विचाराल तर तेच पैसे चांगल्या, जाड पट्टा असलेल्या टायरमध्ये घाला.

दुकान कसं शोधायचं

एवढं सगळं आपल्याला येत असलं तरी दुकान लागतंच, आणि चांगला मेकॅनिक मिळाला तर सायकलिंग कितीतरी सुखाचं होतं. आधी एक समजून घ्या, कोपऱ्यावरचं पंक्चरचं दुकान आणि सायकलचं दुकान या वेगळ्या गोष्टी. स्कूटर-मोटरसायकली बहुतेक ट्यूबलेस झाल्यात, त्यामुळे बऱ्याच पंक्चरवाल्यांकडे सायकलच्या ट्यूबचं काम आता कमीच येतं. जे करतात ते मनापासून करतात, पण त्यांच्याकडे लोखंडी पट्ट्या असतात, त्याने ॲल्युमिनियमच्या रिमला खरवडे पडतात, तेव्हा सरळ आपले प्लास्टिकचे लिव्हर पुढे करून 'दादा, यांनी काढता का' म्हणा, कोणी वाईट वाटून घेत नाही. डिस्क ब्रेकवालं मागचं चाक असेल तर चाक आपणच काढून द्या.

सायकलचं दुकान शोधताना विचारायचं कोणाला? ऑनलाइन रेटिंग बघा पण तेवढ्यावर जाऊ नका, बरेचसे रिव्ह्यू नवीन सायकल घेतल्याच्या आनंदात लिहिलेले असतात, सहा महिन्यांनी ब्रेक बिघडल्यावर दुकान कसं वागलं ते त्यात नसतं. त्यापेक्षा जे रोज सायकलवर पोट भरतात त्यांना विचारा, पेपर टाकणारी मुलं, दूधवाले, सोसायटीचे वॉचमन काका. साध्या सायकलीसाठी त्यांच्याइतकं कोणाला माहीत नसतं. गिअरच्या सायकलीसाठी रविवारी सकाळी सिंहगड रोडला किंवा खडकवासल्याला चहाला थांबलेल्या ग्रुपला विचारा, त्यातही बीआरएम (ठरावीक वेळेत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या राईड) करणारे कोणी भेटले तर उत्तमच. बीआरएममध्ये २०० किलोमीटर साडेतेरा तासांत पूर्ण करायचे असतात आणि वाटेत आपली सायकल आपणच दुरुस्त करायची असते, त्यामुळे त्या लोकांना कुठल्या मेकॅनिकचं काम टिकतं ते पक्कं माहीत असतं.

नाव मिळालं की पहिल्यांदा छोटं काम घेऊन जा. पंक्चरच न्या. आणि शनिवार-रविवार टाळा, मंगळवार-बुधवारी गर्दी नसते तेव्हा जा, उभं राहून बघा. ट्यूब काढल्यावर तो टायरच्या आत हात फिरवतो का? सगळं इथे कळतं. आमच्या भागातले एक काका आहेत, ट्यूब बाजूला टाकतात आणि आधी टायर पोटाशी धरून डोळे मिटल्यासारखे करून आतून बोटं फिरवत राहतात, गिऱ्हाईक घाई करायला लागलं की म्हणतात, 'ट्यूबचं काय, दोन मिनिटांत होईल, काटा सापडू दे आधी.' सापडला की तो आपल्या तळहातावर ठेवतात. असा माणूस मिळाला की दुकान कितीही लहान असू दे, सोडू नका.

बाकी बघायच्या गोष्टी: पॅचने भागत असताना नवी ट्यूब गळ्यात मारतो का, काम सुरू करायच्या आधी मजुरी सांगतो का, बदललेला भाग न मागता परत देतो का, टायरवरचा फिरण्याच्या दिशेचा बाण बघून बसवतो का, आपल्या मापाच्या ट्यूब ठेवतो का. आणि 'हे माझ्याकडे होत नाही, अमक्याकडे जा' असं म्हणतो का. हे शेवटचं मला फार मोलाचं वाटतं, हायड्रॉलिक (तेलाच्या दाबावर चालणारे) ब्रेक येत नसताना उघडून बसणाऱ्यापेक्षा नाही म्हणणारा हजारपटीने बरा. तसंच 'उद्या संध्याकाळी या' म्हटल्यावर उद्या संध्याकाळी सायकल तयार असते की नाही, हे दोनदा तपासा, तिसऱ्यांदा तपासायची गरज पडत नाही.

चकचकीत शोरूम म्हणजे चांगलं काम असं काही नसतं, आणि उलटही नाही. शोरूममध्ये विचारा की काम इथेच होतं की बाहेर पाठवतात, आणि शक्य असेल तर मेकॅनिकशीच बोला, काउंटरवरच्या माणसाशी नाही. ऑनलाइन किंवा दुसरीकडून घेतलेली सायकल असेल तर आधीच सांगा, काही दुकानं ती हातात घेत नाहीत, काही आनंदाने घेतात, पण लपवून काही साधत नाही.

आपल्याही बाजूने थोडं असतं. सायकल पुसून न्या, चिखलाने बरबटलेल्या सायकलीवर कोणाचं मन लागणार? काय होतंय ते नेमकं सांगा, 'मागचं चाक दोन दिवसांत उतरतं, काटा सापडला नाही' असं. पार्टच्या किमतीत घासाघीस करा हवी तर, पण मजुरीत करू नका. तासभर उकिडवं बसून केलेल्या कामाची मजुरी आधीच कमी असते, आणि हे काम येणारी माणसं टिकली तरच आपल्या सायकली चालणार आहेत.

अंतरही बघा. हवा गेलेली सायकल हातात धरून चालत नेता येईल असं, दोन किलोमीटरच्या आत एक दुकान रोजच्या कामासाठी, आणि लांबचं एक मोठ्या सर्व्हिससाठी, अशी दोन ठेवलीत तर सोपं जातं. फार लांब अडकलात तर पुढचं चाक काढून सायकल रिक्षात आडवी बसते, रिक्षावाल्या काकांना आधी विचारून घ्या. दुकानाची वेळ आणि सुट्टीचा वार फोनमध्ये नंबरसोबतच सेव्ह करा, कारण आपण राईडला पहाटे सहाला निघतो आणि बहुतेक सायकलची दुकानं दहा-अकराच्या आधी उघडत नाहीत, तोपर्यंत पाऊचमधली ट्यूबच काय ती आपली. म्हणून ती वापरली की त्याच दिवशी दुसरी आणून मोज्यात घालून परत ठेवा.